त्या गाण्यांत मुलांना काय सापडले?

(कुटुंबांसाठी व युवागटांसाठी अभ्यासलेख)



रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या पटांगणात दोन घोळके हमखास दिसतात. एका घोळक्यात आईवडील असतात. त्यांची तक्रार ठरलेली : "मुलगा दिवसभर कानात इअरफोन घालून बसतो. हाक मारली तरी ऐकू जात नाही. आणि गाणी तरी कसली, नुसता धांगडधिंगा!" दुसऱ्या घोळक्यात मुले असतात. त्यांचेही म्हणणे ठरलेले : "आमची गाणी घरात कोणालाच कळत नाहीत." दोन्ही घोळक्यांत अंतर जेमतेम दहा पावलांचे असते, पण ती दहा पावले सहसा कोणी चालत नाही.

ही तक्रार आपल्या घरातली असली तरी आजची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० ते १९७० या वीस वर्षांत, ती अमेरिकेत घरोघरी ऐकू येत होती. तरुणांसाठीच वेगळे संगीत तयार करायचे, ते त्यांनाच विकायचे आणि त्यातून त्यांचे कपडे, बोलणे व विचार घडवायचे, हा प्रकार एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम तिथे घडला. आज आपली मुले जे संगीत ऐकतात, त्याच्या विक्रीची पद्धतही बरीचशी तिथेच ठरली. म्हणून त्या काळाचा थोडा अभ्यास केला, तर आपल्या घरातील वाद समजून घेणे सोपे जाईल. तेव्हाचे वडीलधारे कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे आपण पाहू या.

'टीनएजर' कोठून आला?

युद्धापूर्वी अमेरिकेतही मूल मोठे होण्याची वाट साधारण आपल्याकडच्यासारखीच होती. चौदा-पंधरा वर्षांचा झाला की मुलगा शेतात किंवा कारखान्यात कामाला लागे. लहानपण संपले की थेट मोठेपण सुरू होई. मधला मुक्काम असा नव्हताच. १९३०च्या सुमारास आलेल्या मोठ्या मंदीत मोठ्या माणसांनाच काम मिळेना, तेव्हा अधिकाधिक मुले हायस्कूलमध्ये थांबू लागली. एकाच वयाची शेकडो मुले रोज एकत्र येऊ लागली. १९४५ साली युद्ध संपले आणि सुबत्ता आली. मुलांच्या हातात खर्चाला पैसे आले आणि ते घरी द्यावे लागत नव्हते. या वयाच्या मुलींसाठी 'सेव्हन्टीन' नावाचे मासिक १९४४ सालीच निघाले होते. म्हणजे या नव्या गिऱ्हाइकाची ओळख बाजाराला आधी पटली. आईवडिलांना आणि धर्मगुरूंना ती नंतर झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मूळ इथेच आहे.

त्यातच दोन साधने हाताशी आली. १९४९ साली आरसीए कंपनीने मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी बाजारात आणली. ती हलकी, स्वस्त आणि सहसा न फुटणारी होती. एका बाजूला एक गाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे. मुलाला आपल्या पैशांनी विकत घेता यावी अशीच ती वस्तू होती. पुढे १९५४ च्या अखेरीस खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला. त्याची किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तेव्हा बरीच होती. पण काही वर्षांत असे रेडिओ स्वस्त झाले.

याच सुमारास घराच्या बैठकीच्या खोलीत टेलिव्हिजन आला. तोपर्यंत सारे कुटुंब एका रेडिओभोवती बसत असे. आता मोठी माणसे टेलिव्हिजनसमोर बसली आणि रेडिओ मुलांच्या खोलीत गेला. एकाच छपराखाली दोन वेगळी जगे सुरू झाली. गाण्यांनी घर दुभंगले असे आपण सहज म्हणतो; पण घरातील माणसे वेगवेगळ्या खोल्यांत आधीच गेली होती आणि त्या रिकाम्या जागेत गाणी आली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

हे संगीत आले कोठून?

पुष्कळांना वाटते की रॉक अँड रोल हे संगीत नाइट क्लबच्या अंधारात जन्माला आले. ते अर्धेच खरे आहे. त्याचे एक मूळ कृष्णवर्णीयांच्या 'रिदम अँड ब्लूज' संगीतात होते, दुसरे गोऱ्या शेतकऱ्यांच्या ग्रामीण गाण्यांत आणि तिसरे चक्क देवळात, म्हणजे कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या गॉस्पेल गायनात होते. सिस्टर रोझेटा थार्प ही बाई विजेची गिटार वाजवीत देवाची गाणी गात असे. पुढच्या पिढीच्या अनेक रॉक गायकांनी तिला गुरुस्थानी मानले. रे चार्ल्स यांनी गॉस्पेलच्या धाटणीवर प्रेमगीते बांधली, तेव्हा काही भाविकांना ते पवित्र वस्तूचा गैरवापर केल्यासारखे वाटले.

एल्विस प्रेस्ली याचे उदाहरण घ्या. मिसिसिपी राज्यातील टुपेलो या लहान गावातल्या गरीब कुटुंबातला हा मुलगा पेंटेकॉस्टल पंथाच्या चर्चमध्ये गाणी ऐकत वाढला. पुढे मेम्फिस शहरात राहायला गेल्यावर रात्र रात्र चालणारे गॉस्पेलचे कार्यक्रम तो ऐकत असे. तिथेच १९५४ च्या जुलै महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याची पहिली व्यावसायिक तबकडी निघाली. पुढे तो जगप्रसिद्ध झाला. पण त्याला जे तीन ग्रॅमी पुरस्कार स्पर्धेत मिळाले, ते तिन्ही धार्मिक गीतांसाठी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरे उदाहरण लिटल रिचर्ड यांचे. अत्यंत भडक वेश आणि आरडाओरड यांसाठी ते प्रसिद्ध होते. १९५७ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी अचानक हे गाणे सोडले आणि ते बायबलचा अभ्यास करण्यास कॉलेजात गेले. काही वर्षांनी ते पुन्हा रंगमंचावर आले आणि पुढे आयुष्यभर या दोन ओढींमध्ये त्यांची ओढाताण चालू राहिली. हे संगीत केवळ देवाविरुद्धचे बंड होते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही ओढाताण विसरू नये.

मोठ्यांची भीती

१९५५ साली 'ब्लॅकबोर्ड जंगल' नावाचा चित्रपट आला. शहरातील उनाड विद्यार्थ्यांची ती कथा होती. चित्रपटाच्या सुरुवातीस बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे वाजे. आदल्या वर्षी निघालेल्या या गाण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. चित्रपटानंतर मात्र ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यामुळे हे संगीत आणि गुंडगिरी यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली. पुढच्या वर्षी याच गाण्याच्या नावाचा चित्रपट इंग्लंडमध्ये लागला, तेव्हा काही चित्रपटगृहांत तरुणांनी खुर्च्यांची मोडतोड केली आणि अनेक गावांत त्यावर बंदी घातली गेली.

९ सप्टेंबर १९५६ रोजी एल्विस 'एड सुलिव्हान शो' या टेलिव्हिजनच्या कार्यक्रमात आला, तेव्हा सुमारे सहा कोटी लोकांनी तो पाहिला. त्याच्या कंबर हलवण्यावरून गदारोळ उठला. ६ जानेवारी १९५७ च्या कार्यक्रमात कॅमेऱ्याने त्याला कंबरेच्या वरच दाखवले. गंमत अशी की त्याच रात्री त्याने एक धार्मिक गीतही गायिले आणि सूत्रसंचालक सुलिव्हान यांनी हा मुलगा सभ्य आहे, अशी ग्वाही सर्वांसमोर दिली!

याच वर्षी शिकागोचे महागुरुस्वामी कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांनी आपल्या धर्मप्रांतातील कॅथोलिक शाळांत व करमणुकीच्या कार्यक्रमांत रॉक अँड रोलला मनाई केली. त्यांची कळकळ प्रामाणिक होती. आपल्या कळपातील कोवळ्या मुलांची काळजी करणे हे मेंढपाळाचे कामच आहे. पण त्यांच्या पत्रात या संगीताचा उल्लेख आदिम टोळ्यांचा ठेका अशा अर्थाने झाला होता, आणि तिथे आपण थोडे थांबले पाहिजे.

भीतीच्या पोटात काय दडले होते?

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांसाठी आणि गोऱ्यांसाठी शाळा, बस, हॉटेल, सारे काही वेगळे होते. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील हा भेद बेकायदेशीर ठरवला. पुष्कळ गोरे लोक यामुळे संतापले होते. नेमक्या त्याच वेळी त्यांची मुले कृष्णवर्णीय गायकांची गाणी गुणगुणू लागली. अॅलन फ्रीड नावाचा गोरा रेडिओ निवेदक क्लीव्हलँड शहरातून १९५१ पासून काळ्या कलाकारांच्या तबकड्या वाजवीत होता आणि ऐकणाऱ्यांत दोन्ही रंगांची मुले होती. दक्षिणेत काही सभागृहांत मधोमध दोरी बांधून एका बाजूला गोऱ्यांना आणि दुसऱ्या बाजूला काळ्यांना उभे करीत. गाणे रंगात आले की मुले ती दोरी ओलांडून एकत्र नाचू लागत.

त्यामुळे नीतीच्या नावाने जो आरडाओरडा झाला, त्यातला सगळाच नीतीसाठी नव्हता. अलाबामा राज्यात वर्णद्वेषी संघटनांनी या संगीताविरुद्ध उघड मोहीम चालवली. १० एप्रिल १९५६ रोजी बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर काही गोऱ्यांनी भर कार्यक्रमात रंगमंचावर चढून हल्ला केला. कोल यांचे गाणे अतिशय मृदू होते. त्यात ना आरडाओरड, ना अश्लीलता. मग त्यांचा अपराध कोणता? फक्त त्वचेचा रंग.

इथे आपल्यासाठी पहिला धडा आहे. मुलांचे गाणे आपल्याला आवडत नाही, तेव्हा आपण स्वतःला विचारावे : मला खटकते ते त्यातील पाप, की त्या गाणाऱ्याची जात, भाषा, वस्ती, कपडे? आपल्या मनातील तुच्छतेला आपण धर्माचा झगा तर चढवीत नाही ना? हा प्रश्न कडू आहे. पण शिकागो आणि अलाबामाच्या त्या दिवसांनी तो आपल्यापुढे ठेवला आहे.

मुलांच्या वागण्यात काय बदलले?

याचा अर्थ मोठ्यांची भीती निराधार होती, असा नव्हे. बदल खरोखर झाले. केसांची ठेवण, जीन्स, चामड्याचे जाकीट, बोलण्यातले नवे शब्द, मुलामुलींचे मोकळेपणाने फिरणे, हे सारे गाण्यांबरोबर पसरले. पूर्वी मुलगा वडिलांसारखे कपडे घालून मोठा होई. आता तो गायकासारखे कपडे घालून मोठ्यांपासून वेगळा होऊ लागला. १९५७ च्या ऑगस्टपासून 'अमेरिकन बँडस्टँड' हा कार्यक्रम देशभर दिसू लागला. त्यात साधी शाळकरी मुले नाचत आणि दूरच्या खेड्यातली मुलगीही त्यांचे पाहून केस बांधायला शिके.

गाण्यांचे विषय बहुधा साधे होते : शाळेचा कंटाळा, मोटारगाडी, पहिले प्रेम, प्रेमभंग. पण त्यांतून एक मूल्य सारखे कानावर पडत होते : माझे मन काय म्हणते तेच खरे. या शिकवणीला चांगली आणि वाईट अशा दोन्ही बाजू होत्या. वाईट अशी की जबाबदारी, धीर, दिलेला शब्द पाळणे यांना गाण्यात जागा उरली नाही. चांगली अशी की चालत आलेला अन्याय मुकाट्याने सोसणेही मुलांना जमेना.

चांगल्या बाजूची दोन उदाहरणे पाहा. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रसिद्ध वॉशिंग्टन मोर्चात सुमारे अडीच लाख लोक जमले. त्या व्यासपीठावर गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन गायल्या आणि जोन बाएझ व बॉब डिलन हे विशीतले गायकही गायले. देवळातले गाणे आणि तरुणांचे गाणे न्यायाच्या मागणीसाठी एकाच ठिकाणी आले. दुसरे उदाहरण इंग्लंडच्या बीटल्स या चौघांचे. ११ सप्टेंबर १९६४ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे त्यांचा कार्यक्रम होता. श्रोत्यांना रंगानुसार वेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितले. सर्वांना एकत्र बसवले गेले. हजारो मुलांनी त्या दिवशी जे पाहिले, ते पुष्कळ मोठ्यांनी त्यांना कधी दाखवले नव्हते.

आता दुसरी बाजू. मुलांना वाटत होते की आपण आपली आवड स्वतः निवडतो. पण १९५९-६० मध्ये उघडकीस आले की कंपन्या रेडिओ निवेदकांना पैसे देऊन आपल्या तबकड्या वाजवून घेत होत्या. अमेरिकेच्या संसदेत त्याची चौकशी झाली. वर ज्यांचे कौतुक केले, ते अॅलन फ्रीडही यात अडकले. १९६२ साली त्यांनी गुन्हा कबूल केला, त्यांना ३०० डॉलर दंड झाला आणि त्यांची कारकीर्द संपली. एकाच माणसाने मुलांसाठी एक दोरी तोडली आणि दुसरी त्यांच्या गळ्यात अडकवली. बंड म्हणून जे विकले जाते, त्यामागेही कोणाचा तरी गल्ला असतो. हा दुसरा धडा तरुण मित्रांनी विशेष लक्षात ठेवावा.

एक वाक्य आणि होळी

मार्च १९६६ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना बीटल्सच्या जॉन लेनन याने म्हटले की ख्रिस्ती धर्म ओसरत चालला आहे आणि आपण चौघे येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय झालो आहोत. इंग्लंडमध्ये त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण जुलैच्या अखेरीस अमेरिकेतील तरुणांच्या एका मासिकात ते वाक्य छापून आले आणि भडका उडाला. अनेक रेडिओ केंद्रांनी बीटल्सची गाणी बंद केली. काही गावांत तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांसमोर लेननला खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली.

वाक्य उद्धट होते, यात शंका नाही. भाविकांचे मन दुखावले हेही साहजिक होते. पण त्या उद्धटपणाच्या आत एक प्रश्न होता : इंग्लंडची तरुण मुले चर्चमध्ये का येईनाशी झाली? तबकड्या जळाल्या, प्रश्न तसाच राहिला. होळीभोवती जमलेल्या मोठ्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन आपल्या मुलाला विचारले असेल, "बाळा, तुला त्या गाण्यात असे काय सापडते, जे आमच्यापाशी सापडत नाही?" पुढे २००८ साली व्हॅटिकनच्या 'लॉस्सेर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने त्या वाक्याकडे, अचानक यश मिळालेल्या कामगार वर्गातील एका तरुणाची बढाई म्हणून, समजुतीने पाहिले. बेचाळीस वर्षांनी का होईना, राग निवळला.

गाण्याच्या मागोमाग आलेले दुःख

या काळाचे गोडवे गाताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक महोत्सवात चार लाखांवर तरुण संगीतासाठी जमले. पाऊस, चिखल, अन्नाची टंचाई असूनही तिथे मारामाऱ्या फारशा झाल्या नाहीत, याचे जगाला नवल वाटले. पण तिथे अमली पदार्थही सर्रास वापरले गेले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात अल्टामाँट येथे तसाच कार्यक्रम झाला आणि तिथे गाणे चालू असतानाच एक तरुण भोसकून मारला गेला. सप्टेंबर १९७० मध्ये जिमी हेन्ड्रिक्स, ऑक्टोबरमध्ये जॅनिस जॉप्लिन आणि पुढच्या जुलैत जिम मॉरिसन असे तीन नामवंत गायक गेले. तिघांचेही वय फक्त सत्तावीस वर्षे. पहिल्या दोघांचा जीव नशेच्या पदार्थांनी घेतला, हे नोंदलेले आहे. एल्विसही १९७७ साली बेचाळिसाव्या वर्षी गेला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या अतिरेकाने त्याचे शरीर खिळखिळे झाले होते. ज्यांनी लाखो मुलांना आनंद दिला, त्यांना स्वतःला सावरायला जवळ कोणी नव्हते. आईवडिलांची भीती इथे खरी ठरली, हे मान्य केलेच पाहिजे.

बंदीचा आपल्या देशातील अनुभव

बंदीने काय साधते, याचा अनुभव आपल्या देशालाही आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केले. पण आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. झाले काय? लोकांनी रेडिओची सुई फिरवली आणि श्रीलंकेतून 'रेडिओ सिलोन' ऐकायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ सर्वांच्या ओळखीची झाली. शेवटी १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. दार बंद केले की गाणे खिडकीने येते. फरक एवढाच की खिडकीने आलेल्या पाहुण्याशी आपली ओळख होत नाही.

ख्रिस्तसभा काय शिकली?

ख्रिस्तसभेनेही या काळात पुष्कळ शिकून घेतले. १९६३ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एका डोमिनिकन धर्मभगिनीने गिटारवर गायिलेले, संत डॉमनिक यांच्यावरील 'डोमिनिक' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच महिन्यात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याने लोकभाषेला वाव दिला आणि योग्य त्या परवानगीने इतर वाद्येही उपासनेत आणण्याची वाट मोकळी केली. आज आपल्या गायनमंडळात गिटार दिसते, तिची मुळे या काळात आहेत. मात्र त्या धर्मभगिनीची पुढची कथा दुःखाची आहे. त्यांनी मठ सोडला. गाण्याचा पैसा त्यांच्या हाती फारसा राहिला नव्हता, तरी कराची मागणी त्यांच्याकडेच आली आणि १९८५ साली त्यांच्या जीवनाचा शेवट फार करुण झाला. धार्मिक गाणे झाले तरी गाणाऱ्या माणसाला सांभाळणारे कोणी हवे असते.

या कथेचा सर्वांत सुंदर प्रसंग २७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात घडला. तेथील पवित्र मिस्साविषयक मेळाव्यात लाखो तरुणांसमोर आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर बॉब डिलन गायले. तेच डिलन, जे १९६३ च्या मोर्चात गायले होते. हा गायक तिथे यावा की नाही याबद्दल तेव्हाचे कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या मनात शंका होती आणि ती त्यांनी पुढे लिहूनही ठेवली. पोप जॉन पॉल यांनी मात्र तरुणांशी बोलताना डिलनच्याच एका जुन्या गाण्यातील वाऱ्याचा धागा पकडला. उत्तर वाऱ्यात आहे हे खरे, पण तो वारा सारे काही उधळून टाकणारा नसून पवित्र आत्म्याचा श्वास आहे, अशा आशयाचे ते बोलले. त्यांनी तरुणांचे गाणे आधी ऐकले होते, म्हणून त्यांना त्यातूनच बोलता आले. पोपमहोदयांना सत्त्याहत्तराव्या वर्षी हे जमले, तर आपल्याला चाळिशी-पन्नाशीत का जमू नये?

गाणे पारखावे कसे?

प्रत्येक गोष्ट पारखून घ्यावी आणि तिच्यातले चांगले ते जपावे, असा सल्ला संत पौलाने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना दिला होता. पारखणारा सोनार आधी दागिना हातात घेतो. न पाहताच गटारात फेकत नाही, आणि चकाकते म्हणून डोळे मिटून विकतही घेत नाही. गाण्याच्या बाबतीत पुढील चार प्रश्न उपयोगी पडतील.

१. हे गाणे दुसऱ्या माणसाला माणूस म्हणून पाहते, की उपभोगाची वस्तू म्हणून? विशेषतः स्त्रीविषयी ते काय बोलते?

२. ते मी खरोखर निवडले आहे, की कोणीतरी सारखे कानावर आदळल्यामुळे ते मला आवडू लागले आहे? त्यातून पैसा कोणाला मिळतो?

३. ते ऐकल्यावर मी घरच्या माणसांच्या जवळ येतो, की दूर जातो?

४. ते माझ्या धाकट्या बहिणीसमोर मोठ्याने लावायला मला संकोच वाटेल का?

पालकहो, हे प्रश्न मुलांच्या गाण्यांना विचाराल तेव्हा आपल्या तरुणपणीच्या लाडक्या गाण्यांनाही विचारा. काही जुनी 'सोज्वळ' गाणीही या परीक्षेत नापास होतील!

शेवटी एकच सांगावेसे वाटते. युद्धानंतरच्या त्या मुलांना गाण्यात ताल सापडला, मौज सापडली, हे तर आहेच. पण त्यांना मुख्यतः सापडली ती आपले कोणीतरी ऐकते आहे, ही भावना. व्यापाऱ्याने ती गरज ओळखली आणि विकली. घराने ती ओळखली असती, तर फुकट भागवली असती. ती संधी आपल्या हातून अजून गेलेली नाही.

गटात व घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरात सर्वांनी मिळून शेवटचे गाणे कधी ऐकले?

२. मुलांचे एखादे गाणे, वेश किंवा मित्र आपल्याला नापसंत आहे, त्यामागचे खरे कारण कोणते?

३. तरुणांनो, तुमच्या आवडत्या गाण्यातून तुम्ही नकळत काय शिकलात? एक चांगली आणि एक वाईट गोष्ट सांगा.

४. आपल्या गायनमंडळात तरुणांना केवळ वाद्ये वाजवण्यापुरते बोलावले जाते, की गाणी निवडतानाही त्यांना विचारले जाते?

या आठवड्याचा उपक्रम : एका संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेनंतर घरातील प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक गाणे सर्वांना ऐकवावे. गाणे संपेपर्यंत कोणीही नाक मुरडू नये किंवा शेरा मारू नये. मग ज्याचे गाणे त्याने सांगावे की ते त्याला का आवडते. सुरुवात घरातील सर्वांत लहान व्यक्तीने करावी आणि शेवट आजीआजोबांनी.